घातक कीटकनाशकं : अपाय सिद्ध होईपर्यंत थांबायचं का?

काळीमाती (धागाकर्ती)

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. मग चौकशी पथक नेमलं, काही औषधांवर पश्चिम विदर्भात ६० दिवसांची बंदी आली, संरक्षक किट वाटले गेले. आणि शेरा काय बसला? मजुरांनीच काळजी घेतली नाही.

त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, पुरुषभर वाढली होती. पंपाची नळी वर धरून फवारायचं, म्हणजे निम्मं औषध तोंडावर, मानेवर आणि भिजलेल्या सदऱ्यातून पाठीवर. दाट पिकात वारा फिरत नाही. ड्रममधून पाणी आणून बादलीत औषध कालवणारी बाई बहुतेक वेळा उघड्या हातांनीच कालवते. मध्ये पंप खाली ठेवला की त्याच हातांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला जातो. भादव्याच्या उकाड्यात या माणसांना रबरी हातमोजे, चष्मा, मास्क आणि एप्रन घालून दिवसभर चालायला सांगायचं आणि नाही घातलं की दोष त्यांचा! अन्न व कृषी संघटनेची कीटकनाशकांबाबतची आचारसंहिताच सांगते की, ज्यांना असा त्रासदायक किंवा महागडा पोशाख लागतो, ती औषधं उष्ण प्रदेशातल्या लहान शेतकऱ्यांच्या हाती शक्यतो देऊ नयेत.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेल्लोरच्या चामडे कारखान्यांच्या खटल्यात सावधगिरीचं तत्त्व आपल्या कायद्याचा भाग मानलं. गंभीर हानीची शक्यता असेल तर शास्त्रीय खात्री नाही म्हणून उपाय लांबवायचा नाही, आणि निर्धोकपणा सिद्ध करायची जबाबदारी ते काम करू पाहणाऱ्याची. २०११ मध्ये एंडोसल्फान या कीटकनाशकावर देशभर बंदी घालताना न्यायालयाने याच तत्त्वाचा आधार घेतला. केरळातल्या कासरगोडच्या काजूबागांवर तोवर वीसेक वर्षं हेलिकॉप्टरने त्याची फवारणी होऊन गेली होती. खुद्द १९६८ चा कीटकनाशक कायदासुद्धा १९५८ मध्ये केरळात विष मिसळलेल्या पिठाने शंभरावर माणसं गेल्यानंतर झालेल्या हालचालींतून आला. प्रत्येक वेळी आधी माणसं आणि मग कायदा. माझं म्हणणं एवढंच की, अतिविषारी गटातली औषधं आताच बंद करा. ज्याला विकायची असतील त्याने ती आपल्या शेतात, आपल्या उन्हात, आपल्या मजुराच्या हातात सुरक्षित आहेत हे दाखवावं.

कोरडवाहू

ताई, तळमळ खरी आहे, पण यात आमचा हिशेब कुठे आहे? कपाशीवर तुडतुडे, पांढरी माशी आणि वरून गुलाबी बोंडअळी. मोनोक्रोटोफॉससारखं जहाल कीटकनाशक शेतकरी हौसेने घेत नव्हता, ते स्वस्त होतं आणि कृषी केंद्रवाला उधारीवर द्यायचा म्हणून घ्यायचा. पर्यायी औषध महाग पडतं आणि कापसाला भाव मिळेलच असं नाही.

बंदीने माल गायब होतो असं कोणी समजू नये. एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीच्या बियाण्याला परवानगी नाही, तरी आमच्या भागात ते दरवर्षी पेरलं जातं. बिल नाही, तक्रार करायची सोय नाही. औषधाचंही तेच झालं तर? आज निदान बाटलीवर अतिविषारी असल्याची खूण म्हणून लाल त्रिकोण आहे. उद्या बिनलेबलची बाटली येईल आणि आत काय आहे ते डॉक्टरलाही कळणार नाही.

मात्रा

मी रसायनशास्त्र शिकवतो. पदार्थ विषारी असणं आणि त्यापासून प्रत्यक्ष अपाय होणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. मध्ये मात्रा येते, संपर्क येतो, वापराची पद्धत येते. डीडीटी १९८९ पासून शेतीत बंद आहे, पण काळा आजार पसरवणाऱ्या वाळूमाशीसाठी सरकारनेच त्यानंतरही वापरलं. धोका आणि फायदा तोलून घेतलेला निर्णय असा असतो.

नुसत्या संशयावर बंदी घातली की त्या जागी काय येतं तेही बघा. जुन्या जहाल औषधांच्या जागी इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं आली, ती माणसाला कमी विषारी म्हणून. पुढे मधमाश्यांवरचे परिणाम दिसले आणि २०१८ मध्ये युरोपला उघड्या शेतात त्यांच्यावर बंदी घालावी लागली. आणि श्रीलंका विसरू नका. २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खतं आणि औषधांची आयात बंद केली. भाताचं उत्पादन कोसळलं, चहाला फटका बसला, काही महिन्यांत निर्णय मागे घ्यावा लागला.

काळीमाती

मात्रा सर, श्रीलंकेचं उदाहरण पूर्ण सांगू या. त्या देशाने १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस बंद केलं, १९९८ मध्ये एंडोसल्फान. निवडक, सर्वांत जहाल औषधं, एकेक करून. १९९५ मध्ये तिथे लाखामागे सुमारे ४७ आत्महत्या होत होत्या, २००५ पर्यंत ते प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. संशोधकांनी पिकांचे आकडे तपासले, या बंद्यांमुळे उत्पादन घटल्याचं दिसलं नाही. रागाच्या भरात घरात हाताशी असलेली बाटली तोंडाला लावणारा माणूस ती बाटली कमी जहाल असेल तर वाचू शकतो. २०२१ ची चूक वेगळी होती. तिथे सगळंच एकदम बंद केलं. मी तसं मागतच नाहीये.

आणि मात्रा म्हणाल तर ती मोजणार कोण? प्रयोगशाळेत एकेका औषधाची मोजतात. शेतात एकाच पंपात दोन कीटकनाशकं आणि वर 'टॉनिक' जातं, तेही दुकानदार सांगेल तसं. त्या मिश्रणाची सुरक्षित मात्रा कोणी काढली आहे का?

रानवाट

ग्रामीण रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केलंय, म्हणून लिहिते. मोनोसारख्या औषधाची बाधा लवकर ओळखू येते. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ, अंगाला दरदरून घाम, छातीत घरघर. ॲट्रोपिन हा उतारा सुरू करता येतो. पण मिश्रण असलं की लक्षणं जुळत नाहीत. डायफेनथियुरॉन या कीटकनाशकाला तर खास उताराच नाही. नातेवाइकांना बाटली आणा म्हटलं की निम्म्या वेळा ती शेतातच राहिलेली असते. मोनोसारख्या विषाने रक्तातलं कोलिनेस्टरेझ हे विकर घटतं, ते तपासायची सोय फवारणीच्या महिन्यांत तालुक्याला हवी. बंदी येईल तेव्हा येईल, हे तरी यंदा करा.

मात्रा

जहाल औषधांबद्दल माझा विरोध नाही, ती जावीत. माझा आक्षेप संशय हाच निकष करण्याला आहे. त्याऐवजी नोंदणीला मुदत घाला. आपल्याकडे एकदा नोंदणी झाली की ती कायमची. युरोपात ठरावीक वर्षांनी कंपनीला नव्या पुराव्यासह पुन्हा दारात उभं राहावं लागतं. तुम्हाला हवी असलेली जबाबदारी त्यातूनच कंपनीवर येईल.

काळीमाती

मुदत घालाच. पण फेरतपासणीचा आपला अनुभव पाहा. २०२० मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा आला. हरकती, समित्या, पुन्हा समित्या. २०२३ मध्ये पूर्ण बंदी आली ती मोजक्याच औषधांवर. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणाचा त्यात समावेश झाला, तेही साठा संपवायला सवड देऊन. याच औषधाने २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं गेली होती. दहा वर्षं! तपासणी चालू असताना विक्रीही चालू राहणार असेल तर त्या काळातला धोका मजूरच अंगावर घेतो. तपासणी पूर्ण होईपर्यंत विक्री थांबवा, एवढा एक नियम करा. मग कंपन्याच घाई करतील.

कोरडवाहू

मोनो गेलं त्याचं दुःख नाही. आमच्या शेजारच्या वावरातला फवारणीवाला २०१७ सालीच दवाखान्यात होता, मी पाहिलंय. पण ताई, तुमच्या नियमाने हंगामाच्या मध्यात विक्री थांबली तर माझ्या उभ्या पिकाचं काय? बंदी घालायची तर पेरणीच्या आधी, मे महिन्यात जाहीर करा. सोबत बोंडअळीचे पतंग पकडणारे कामगंध सापळे आणि निंबोळी अर्क गावात पोचवा, आणि कृषी सहायक दुकानदाराच्या आधी माझ्या बांधावर येऊ दे. श्रावणात बंदीचा कागद आला तर मी दुकानात जे मिळेल तेच मारणार.