मदत हवी आहे: घाटातल्या रात्रगस्तीसाठी भरवशाची टॉर्च कोणती घ्यावी? (बजेट माणशी साडेतीन हजार)

गस्तवाला:

नमस्कार मंडळी. पोलीस ठाण्यातले आम्ही चौघे स्वतःच्या खर्चाने टॉर्च घेतोय. ठाण्याची ड्रॅगन लाईट आहे, पण ती गाडीतच राहते. कमरेला लावता येईल अशी प्रत्येकाची वेगळी हवी.

काम असं: रात्री आठ ते सकाळी आठ ड्यूटी. त्यात नाकाबंदी, गाड्या तपासणं, घाटात दरीच्या कडेला बघणं, बंद दुकानांची कुलपं, कधी स्पॉट पंचनामा. सलग लावून ठेवायची नाही, पण सगळं मिळून दोन-तीन तास तरी जळते. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस आणि धुकं. चौघांचे सेल आणि चार्जर एकमेकांत चालले पाहिजेत. माणशी साडेतीन हजार, फार तर चार.

ऑनलाइन बघितलं तर पाचशे रुपयांत "एक लाख ल्युमेन" आणि पाच हजारांत "बाराशे ल्युमेन". यातलं खरं काय? लांब मारा महत्त्वाचा की पसरट उजेड? यूएसबी चार्जिंगची घ्यावी की सेल बाहेर काढून चार्ज करायची?

कँडेला:

एक लाखवाली सोडून द्या. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून निघणारा एकूण उजेड. साधा हिशेब करा. चांगला १८६५० सेल (टॉर्चमधला चार्ज होणारा लिथियम सेल) ३५०० एमएएच, ३.६ व्होल्ट, म्हणजे सुमारे १२.६ वॅट-तास. बऱ्यापैकी एलईडी आणि ड्रायव्हर (एलईडीला मोजून वीज देणारं सर्किट) मिळून वॅटमागे १०० ल्युमेनच्या आसपास देतात. म्हणजे एका सेलमध्ये साधारण १२०० ल्युमेन-तासांचा माल. ३०० ल्युमेनवर चार तास, ६०० वर दोन तास. त्याहून मोठा २१७०० सेल ५००० एमएएचचा असेल तर हाच आकडा १८०० पर्यंत जातो. एका सेलवर यापेक्षा फार मोठा दावा दिसला की पान बंद करायचं.

नामांकित कंपन्यांच्या खोक्यावर एएनएसआय एफएल१ (टॉर्च मोजायचं अमेरिकन मानक) लिहिलेलं असतं, त्यातली मेख समजून घ्या. ल्युमेन मोजतात टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांनी. आणि 'चालण्याचा वेळ' म्हणजे उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा. त्यामुळे "टर्बो, १६०० ल्युमेन, ३ तास" हे नियमाने खरं असतं, पण प्रत्यक्षात काही मिनिटांत टॉर्च तापते, स्वतःच ५००-७०० वर उतरते आणि उरलेला वेळ तिथेच काढते. तुम्हाला बघायचाय तो मधल्या पायरीचा आकडा: ३०० ते ५०० ल्युमेन सलग किती वेळ.

अंतराचं गणित कँडेलावर, म्हणजे मधल्या झोताच्या तीव्रतेवर. कँडेलाचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, मीटर मिळतात. १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर, ४०,००० म्हणजे ४००. हे अंतर ०.२५ लक्सचं आहे, पौर्णिमेच्या चांदण्याएवढं. तिथे काहीतरी हललं एवढंच कळतं. माणूस ओळखायचा तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत धरा. घाटासाठी १५,००० ते ३०,००० कँडेला पुरे. त्याहून जास्त घेतलीत तर मधला ठिपका इतका टोकदार होतो की जवळून गाडी तपासताना डोळे दिपतात आणि कडेचं काहीच दिसत नाही.

जुनाफिटर:

वरचं सगळं मान्य. माझ्या मते मात्र टॉर्चच्या आधी सेल ठरवा. एक सेलवालीच घ्या, दोन सेल एकामागे एक बसणारी नको. मालिकेतला एक सेल आधी उतरला की दुसरा त्याला उलटा चार्ज करतो, आणि बंद नळकांड्यात लिथियम सेलने वायू सोडला तर हातात फटाका. चौघांत सेल फिरणार म्हणजे जोड्या मोडणारच.

१८६५० म्हणजे १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. खऱ्या सेलची क्षमता सहसा ३५००-३६०० च्या फार पुढे जात नाही. ९९०० छापलेला दिसला की तो खोटाच. ओळख सोपी: सराफाच्या काट्यावर ठेवा. खरा ४४ ते ४९ ग्रॅम भरतो, खोटे बरेचदा तिशीतच. २१७०० साधारण ७० ग्रॅम. आयएस १६०४६ (सेलच्या सुरक्षेचं भारतीय मानक) चा शिक्का आणि बिल दोन्ही मागा.

प्रोटेक्टेड सेलच्या बुडाशी छोटा सर्किट बोर्ड असतो, त्यामुळे तो ६८ ते ७० मिमी भरतो. काही टॉर्चमध्ये मावत नाही, मावला तर स्प्रिंग पार दबते. उलट, सपाट टोकाचा सेल काही टॉर्चमध्ये वरच्या बाजूला टेकतच नाही. चौघांनी एकाच मॉडेलची टॉर्च आणि एकाच जातीचे सहा सेल घ्या: चार आत, दोन फिरते. फिरते सेल प्लास्टिकच्या डबीत. खिशात किल्ल्या आणि सुट्या पैशांबरोबर सेल टाकला की शॉर्ट, मांडी भाजते. सेलवरचं वेष्टन वरच्या कडेला, म्हणजे पॉझिटिव्ह टोकाजवळ, फाटलं असेल तर तो वापरू नका.

यूएसबी की बाहेरून? सेल बाहेर निघणारी हवीच, यूएसबी असली तर बरं. सेल आतच सील केलेली घेऊ नका. दोन-तीन वर्षांनी सेल थकला की अख्खी टॉर्च भंगारात, आणि रात्री दोनला उतरली तर बदलायची सोय नाही.

आणि घरच्या सॉकेटात दोन पिना खोचायची स्वस्त चार्जेबल बॅटरी कुणी सुचवेल तर नको म्हणा. तिच्यात बहुधा ४ व्होल्टची लेड-ॲसिड असते. उतरलेली तशीच चार आठवडे पडली की आत सल्फेट धरतं आणि पुन्हा नीट चार्ज घेत नाही.

टेलस्विच:

बटणाबद्दल कुणीच बोललं नाही अजून. पोलिसाच्या टॉर्चला बटण शेपटीला हवं, आणि ते फॉरवर्ड क्लिक जातीचं: अर्धं दाबलं की उजेड, सोडलं की बंद, पूर्ण दाबलं की कायम. रिव्हर्स क्लिकमध्ये आधी टक् करून सोडावं लागतं, मगच लागते. मोड बदलायचं बटण वेगळं, डोक्याजवळ. एकाच बटणावर सगळं असलं की घाईत नको ते लागतं.

टॉर्च डाव्या हातात (डावखुरे असाल तर उजव्या), मूठ वळून अंगठा शेपटीवर, खांद्याच्या उंचीला आणि अंगापासून थोडी बाजूला. कामाचा हात मोकळा.

लुकलुकणारा स्ट्रोब मोडच्या मुख्य फेरीत असेल तर ती टॉर्च बाद. नाकाबंदीला मंद करायला गेलात आणि समोरच्या ट्रकवाल्याच्या तोंडावर स्ट्रोब गेला तर तो ब्रेक मारेल की ॲक्सिलरेटर, सांगता येत नाही. स्ट्रोब लपवलेला किंवा बंद करता येणारा हवा.

वजन १५० ते २०० ग्रॅम, सेलसकट. जुन्या मॅगलाइटसारखी तीन मोठ्या सेलांची दांडगी काही जणांना आवडते, काठीचंही काम होतं म्हणून. तेच नको आहे. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी टॉर्चने मारहाण झाल्याच्या प्रकरणानंतर २००७ मध्ये मुद्दाम लहान, हलकी पेलिकन ७०६० आणली. काठी काठीच्या जागी.

जुनाफिटर:

@टेलस्विच, शेपटीचं बटण मान्य, पण घाटातल्या पावसात तेच रबर आधी फाटतं. सुटं रबर बूट (बटणावरची टोपी) मिळत असेल तरच घ्या.

टेलस्विच:

मिळतो, पन्नास-शंभरात. बाजूच्या इलेक्ट्रॉनिक बटणात पाणी गेलं तर बदलायला काहीच मिळत नाही.

मुद्देमाल:

उजेडाच्या रंगाकडे लक्ष द्या. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड जास्त प्रखर वाटतो, पण त्यात लाल-तपकिरी छटा मेल्यासारख्या दिसतात. रस्त्यावरचा डाग रक्ताचा की ऑइलचा की पानाची पिंक, गाडी मरून की काळी, इथे फसगत होते. ४००० ते ५००० केल्विन घ्या, जमल्यास सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरपैकी माप) ९०. त्याच सेलवर ल्युमेन थोडे कमी मिळतील, मिळू देत. धुक्यात आणि धुळीतही पिवळसर उजेडाचा त्रास कमी वाटतो. धुक्यात टॉर्च खांद्यावरून खाली, कमरेजवळ आणा. डोळ्यांच्या रेषेत धरली की समोर नुसती पांढरी भिंत दिसते.

दुसरं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, आणि ते बहुतेक मोबाइलवरच होतं. स्वस्त टॉर्चमध्ये उजेड कमी करायला एलईडी वेगाने चालू-बंद करतात. डोळ्याला कळत नाही, पण व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. घेतल्यावर तपासा: मोबाइल कॅमेरा प्रो मोडमध्ये, शटर १/४००० सेकंद, टॉर्च मधल्या मोडवर, समोर पांढरी भिंत. पट्टे दिसले तर परत करा.

नवीन नंबरप्लेटवर पूर्ण उजेड मारू नका. त्या पत्र्यावरून उजेड सरळ परत येतो आणि आकडे पुसल्यासारखे दिसतात, फोटोत तर जास्तच. ५०-१०० ल्युमेन, तेही जरा कडेने. काचेतून गाडीत बघतानाही तिरकं धरा, नाहीतर स्वतःचाच उजेड डोळ्यांत.

गस्तवाला:

खूप आभार सगळ्यांचे. आता माझी यादी:
१) कॉन्व्हॉय एस२ प्लस, १८६५०, सेल आणि चार्जर वेगळा.
२) फिनिक्स पीडी३६आर, २१७००, यूएसबी-सी. बजेटबाहेर जातेय.
३) ऑनलाइन दिसलेली एक झूमवाली, "पी-७० एलईडी, ५ मोड", बाराशे रुपये.

कँडेला:

तिसरी काढा. झूमच्या टॉर्चचं डोकं पुढे-मागे सरकतं, तिथून पाणी आत जातंच. शिवाय भिंग पुढे नेलं की निम्म्याहून जास्त उजेड नळीतच अडकतो आणि चौकोनी ठिपका पडतो.

दुसरी कामाला उत्तम आहे. शेपटीला चालू-बंद, बाजूला मोड, १६०० ल्युमेन, २८३ मीटर. पण चौघांच्या बजेटात बसत नाही.

एस२ प्लस बजेटात चोख. एकच सेल, ड्रायव्हर साधा, प्रत्येक भाग सुटा मिळतो. ड्रायव्हरवर आठ ७१३५ चिप (करंट ठरावीक ठेवणाऱ्या) असलेली घ्या, एका चिपला ३५० मिलीअँपिअर म्हणजे एकूण २.८ अँपिअर. तिचा मारा पसरट, शे-दीडशे मीटरची टॉर्च समजा. दरीत बघायला कमी पडेल. म्हणून तिघांनी एस२ प्लस आणि एकाने मोठ्या रिफ्लेक्टरची सी८ प्लस घ्या. सेल तोच, चार्जर तोच. गस्तीवर दोघे असतात ना? एकाकडे पसरट, एकाकडे लांबची. दोन्हींत मोडचा गट आधीच निवडून घ्या: तीन पायऱ्या, स्ट्रोब नाही.

टेलस्विच:

फक्त लक्षात ठेवा, एस२ प्लसचं बटण रिव्हर्स क्लिकचं येतं. फॉरवर्ड बसवता येतं, पण मग मोड बदलायची सवय बदलते, कारण अर्धं दाबून मोड फिरत नाहीत. मी तरीही एकच मोड ठेवून फॉरवर्ड बसवेन. इतरांचं मत वेगळं असेल.

जुनाफिटर:

हातात आल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत हे करून घ्या.

बाथरूममध्ये दिवा बंद, टॉर्च बादलीत उभी, तोंड छताकडे. मोबाइलमधलं लक्स मोजायचं ॲप कडेला ठेवून ०, ३० सेकंद, ३ मिनिटं, १० मिनिटं असे आकडे लिहा. दहा मिनिटांनी निम्म्याच्या वर असेल तर ठीक. चारही टॉर्चचे आकडे शेजारी मांडा, एखादी वेगळी दिसली तर तिचा एलईडी नीट बसलेला नाही.

मग सेल काढून आत टिश्यू पेपरची सुरळी घाला, झाकण घट्ट, अर्धा तास पाण्याच्या बादलीत. टिश्यू ओला निघाला की ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) फिरलेली किंवा चिरलेली आहे. यूएसबीवाली असेल तर रबरी झाकण नीट दाबलंय का बघा, पाणी बहुतेक तिथूनच शिरतं. खोक्यावर आयपीएक्स८ (पाण्यात बुडवली तरी चालते असा दर्जा) असलं तरी हे कराच.

यूएसबी-सी असून सी-टू-सी केबलवर चार्जच होत नाही, अशी तक्रार फार दिसते. टॉर्चच्या पोर्टमध्ये ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर घातलेले नसतात. अशा वेळी चौकोनी तोंडाची जुनी केबल आणि जुना चार्जर लावा, चालते. एक अँपिअरवर ३५०० चा सेल भरायला चार-साडेचार तास धरा.

दर पावसाळ्याआधी: चुड्या (झाकणाचे आटे) कोरड्या फडक्याने पुसा, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस मुगाच्या दाण्याएवढं. खोबरेल किंवा इंजिन ऑइल नको, रबर फुगतं. उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर टॉर्च ठेवू नका. साठ अंशांपुढे सेलचं आयुष्य भराभर घटतं.

मुद्देमाल:

खिशात आपोआप लागू नये म्हणून शेपटीचं झाकण पाव फेरा सैल करायचं. चुड्यांवर ॲनोडायझिंग (वीज न वाहणारा थर) असेल तर तेवढ्याने सर्किट तुटतं. नसेल तर ही युक्ती चालत नाही.

आणि एक राखीव पेन्सिल सेलची छोटी टॉर्च प्रत्येकाने ठेवा, ८०-१०० ल्युमेनची. पेन्सिल सेल टपरीवरही मिळतो. मात्र वेष्टनावर "हेवी ड्यूटी" वाचून भुलू नका, तो झिंक-कार्बनचा असतो. अल्कलाइन घ्या आणि टॉर्च महिनाभर पडून राहणार असेल तर काढून ठेवा, गळतो.

गस्तवाला:

तीन एस२ प्लस, एक सी८ प्लस, सहा सेल, चार खणांचा चार्जर असं ठरतंय. एक शेवटचं: ठाण्यातली एक जुनी टॉर्च हातावर आपटली की लागते, नाहीतर लुकलुकते. टाकून द्यायची की दुरुस्त होईल?

जुनाफिटर:

दहापैकी आठ वेळा होते. सेल काढा. शेपटीच्या झाकणात आतून बघा, दोन खाचा असलेली पितळी किंवा ॲल्युमिनियमची रिंग दिसेल. चिमट्याची दोन टोकं खाचांत घालून घड्याळाच्या दिशेने घट्ट करा. सैल असेल तर एवढ्यानेच काम झालं. नाही झालं तर नळीची उघडी कड आणि स्प्रिंगचं टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, काळं निघेल.

तरीही लुकलुकली तर शेपटीचं झाकण पूर्ण काढा आणि जाड वायरच्या तुकड्याने सेलचा मागचा भाग नळीच्या उघड्या कडेला जोडा. क्षणभरच धरा, वायर तापते. टॉर्च स्थिर लागली तर दोष बटणात, वीस-तीस रुपयांचं बटण बदला. तरीही लुकलुकत असेल तर दोष डोक्यात, ड्रायव्हरचा टाका सुटलाय. तिथेही आधी डोक्यातली रिंग घट्ट करून बघा, मग सोल्डर.