आंब्यावरचं बांडगूळ: सगळं काढायचं की थोडं ठेवायचं?

पानोपानी: बांडगूळ दिसलं की तोडा, हा सल्ला अर्धवट आहे. पीकॉक रॉयल या निळ्या फुलपाखराच्या अळ्या बांडगुळावरच वाढतात, आंब्याचं पान त्यांच्या कामाचं नाही. हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्याही बांडगुळावरच. बाग साफ केली की दोघांचं ताट उचललं.

कलमवाला: ताट वाढतंय कोण? बांडगुळाची पानं हिरवी असतात, अन्न स्वतः बनवतं, मान्य. पण पाणी आणि क्षार आंब्याच्या फांदीतून ओढतं. जोडाशी गाठ सुजते, पुढचा शेंडा वाळतो. नुसतं उपटलं तर लाकडात शिरलेली शोषकमुळं पुन्हा फुटतात, म्हणून गाठीच्या हातभर मागे, खोडाच्या बाजूला फांदीच कापावी लागते. जखमेवर बोर्डो पेस्ट हा बुरशीनाशक लेप: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे कालवून मग एकत्र करा, भांडं प्लास्टिकचं घ्या. विळा बुडवून पाहा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.

पानोपानी: कापा, पण कापल्या कापल्या पेटवू नका. फांदीवरचे पीकॉक रॉयलचे कोष लाकडाच्या खुंटासारखे दिसतात, नजरेला पडत नाहीत. फांद्या पंधरवडाभर सावलीत ठेवा. अळ्या मात्र वाळक्या पानावर मरणारच. म्हणून निम्मी झाडं यंदा, निम्मी पुढच्या वर्षी.

चिकटबी: बांडगुळाची फळं लागलेल्या फांद्या सावलीत ठेवल्या तर फुलटोच्या पक्ष्याला जेवणच! बी इतकं चिकट की पक्षी ते फांदीला घासून सोडवतो, तिथंच रुजतं. आधी फळं खुडून नष्ट करा, मग फांद्या ठेवा. खरं तर फळं धरण्याआधीच छाटा.

कलमवाला: आणि पुढच्या वर्षासाठी ठेवलेल्या निम्म्या झाडांवरची फळं कोण खुडणार? वीस-पंचवीस फुटांवर चढायला गडी मिळत नाही.

पानोपानी: मग बागेत नका ठेवू. पण बांधापलीकडच्या शिरीष-करंजावरचं तरी सोडा.

कलमवाला: फुलटोच्याला बांध दिसतो का? रानातलं सोडेन, बांधावरचं नाही.