मदत हवी आहे: टाक्या साफ करायचा धंदा सुरू केलाय, गिऱ्हाईक कसं मिळवू?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात धायरीला राहतो. नऊ वर्षं पंप दुरुस्तीची नोकरी केली, आता मावसभावाला जोडीला घेऊन सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या साफ करायला लागलोय. मड पंप, प्रेशर जेट, गाळ ओढायचा व्हॅक्यूम आणि सेकंडहँड छोटा हत्ती, एवढं सामान आहे. चार महिन्यांत सहा कामं झाली. त्यातली चार ओळखीतली, म्हणजे खरी दोनच धरा.

काय काय करून झालं ते आधीच सांगतो, म्हणजे तेच सल्ले परत येणार नाहीत. तीन हजार पत्रकं छापून रविवारच्या पेपरात टाकली. छपाई आणि पेपरवाल्याचे मिळून साडेपाच हजार गेले. फोन आले तीन. एका काकूंना बाल्कनीतला दोनशे लिटरचा पिंप धुऊन हवा होता, दुसरे "घरी विचारून सांगतो" म्हणाले ते अजून विचारतायत, आणि तिसरा मलाच वेबसाइट विकायला बघत होता. गूगलवर नोंद केली आहे. चौकश्या विकणाऱ्या एका साइटलाही पैसे भरले, पण एकच चौकशी ते पाच जणांना विकतात. माझा फोन लागेपर्यंत समोरचा वैतागलेला असतो.

आता खरा घोळ. वडगाव बुद्रुकला एका सोसायटीचं काम मिळालं. पाणी टँकरचं, गच्चीवरची टाकी दोन वर्षं उघडलेली नाही. तळाला चार बोटं काळा गाळ, बुटाला चिकटून वर येणारा. त्यात कबुतराची पिसं आणि एक स्टीलचा चमचा (तो तिथं कसा गेला ते देव जाणे). भावाने आधीचा आणि नंतरचा फोटो काढला. मी उत्साहाच्या भरात दोन्ही एका ओळखीच्या सभासदांना पाठवले, त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. अर्ध्या तासात सेक्रेटरींचा फोन. मला वाटलं, शाबासकी देणार.

"अहो, लोक मला विचारतायत, दोन वर्षं हेच पाणी पाजलंत का आम्हाला? फोटो फिरवायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

पैसे वेळेवर दिले त्यांनी, पण वर्षाच्या कराराचं बोलणं चाललं होतं ते तिथंच बारगळलं. आणि त्याच फोटोवरून शेजारच्या सोसायटीतून तीन फोन आले! तिघंही कळकळीने बोलले, पण कमिटीवर एकही नाही.

म्हणजे गाळ बघून घाबरतो रहिवासी, आणि चेकवर सही करते कमिटी. मी जाहिरात करू कुणासमोर? शिवाय दोन ठिकाणी जीएसटीचं बिल मागितलं, तो नंबरही घ्यावा का?

प्रतिसाद १
मी कोथरूडला सहा वर्षं सेक्रेटरी होतो, बिनपगारी. तुमच्या त्या सेक्रेटरींची बाजू सांगतो. वर्षभर फक्त शिव्या खाणाऱ्या माणसाला तुम्ही आणखी एक शिवी मिळवून दिलीत. गाळाचा फोटो फक्त त्यांच्या हातात द्या. ग्रुपवर जाऊ दे तो स्वच्छ टाकीचा, आणि तोही त्यांनीच टाकू दे: "कमिटीने टाकी साफ करून घेतली." खाली तुमचा नंबर. आणि वेळ साधा. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सभेच्या महिनाभर आधी कोटेशन टेबलावर असलं तर खर्च तिथंच मंजूर होतो. एरवी "मीटिंगमध्ये ठेवतो" म्हणजे नाही, असं समजा.

प्रतिसाद २
ठाण्यात पेस्ट कंट्रोल करतो. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी सक्तीचा नाही, साधं बिल द्या आणि तसं स्पष्ट सांगा. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) मात्र करून टाका, सरकारी पोर्टलवर फुकट होते. एजंटला हजार-दीड हजार देऊ नका, मी दिले होते. पत्रकं बंद करा. वॉचमन, प्लंबर आणि टँकरवाला यांच्याशी चहा प्या. कुठल्या टाकीचं झाकण कधी उघडलं ते यांनाच ठाऊक असतं. आणि टाकीवर तारखेचं स्टिकर लावा, पुढची सफाई कधी तेही त्यावर लिहा. माझी निम्मी कामं स्टिकरवरून परत येतात.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. टँकरवाला डोक्यातच आला नव्हता, आमच्याच गल्लीत राहतो. स्टिकर उद्याच छापायला टाकतो.

त्या सेक्रेटरींना मघाशी फक्त स्वच्छ टाकीचा फोटो पाठवला, सोबत "कमिटीच्या नावाने ग्रुपवर टाकावा ही विनंती" असं लिहिलं. निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही.