फ्रेडी फेंडरला कंट्री गायक का म्हणायचं?

सूरपेटी:
कंट्री म्हणजे अमेरिकेच्या गोऱ्या ग्रामीण भागातून आलेलं संगीत, आणि फेंडरला लावलेलं हे लेबलच मला पटत नाही. मेक्सिकोच्या सीमेलगतच्या सान बेनिटो गावात (टेक्सास) १९३७ साली जन्मलेला बाल्डेमार उएर्ता (हे फेंडरचं खरं नाव) १९५७ मध्ये एल्व्हिसचं 'डोन्ट बी क्रुएल' स्पॅनिशमध्ये गात होता. म्हणजे मूळचा रॉक अँड रोलवाला. गोऱ्या श्रोत्यांच्या पचनी पडावं म्हणून गिटारवरचं 'फेंडर' हे कंपनीचं नाव आडनाव म्हणून उचललं. १९७५ला 'बिफोर द नेक्स्ट टिअरड्रॉप फॉल्स' वाजलं आणि बसला कंट्रीचा शिक्का. गाणंसुद्धा आधी इतरांनी गाऊन झालेलं. ह्यूई मो या निर्मात्याने तयार ट्रॅकवर काही मिनिटांत उरकून घेतलेलं. शिक्का कंपन्यांच्या सोयीचा, दुसरं काय!

बांधावरचा:
साफ असहमत. उरकलेलं गाणं बिलबोर्ड मासिकाच्या पॉप आणि कंट्री दोन्ही लोकप्रियता याद्यांत पहिलं येतं होय? पहिलं कडवं इंग्रजीत सरळ जातं, मग तोच माणूस स्पॅनिशमध्ये शिरतो आणि आवाज जरा ओला होतो. हेडफोन लावून ऐका एकदा. आणि ही वाट आधीच मळलेली होती. टेक्सासचाच जॉनी रॉड्रिगेझ १९७३ मध्येच कंट्रीत पहिल्या नंबरवर पोचला होता.

चहाबाज:
पण 'वेस्टेड डेज अँड वेस्टेड नाइट्स'चं काय? त्यात पियानो तीन-तीन ठोक्यांत झुलत राहतो, तो लुइझियानाकडचा स्वॅम्प पॉप, म्हणजे तिथला संथ, झुलता पॉपचा प्रकार. कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलचा त्याच्याशी काय संबंध? हेच गाणं १९५९ला एकदा निघालं होतं. चालायला लागलं आणि १९६०मध्ये गांजा सापडला म्हणून पठ्ठ्या लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात, जवळजवळ तीन वर्षं. पुढे मेकॅनिकचं कामही केलं त्याने. १९७५ला तेच पुन्हा गायला आणि कंट्रीत नंबर एक. वाया गेलेल्या दिवसांचं गाणं, तेही पंधरा वर्षं उशिरा! (सूरपेटी, मी तुमच्या बाजूने नाही हां.)

सूरपेटी:
कळलं हो. पण १९९०च्या आसपास डग साम, फ्लाको हिमेनेझ, ऑगी मेयर्स यांच्यासोबत टेक्सास टोर्नेडोज या बँडमध्ये तो टेक्सासच्या मेक्सिकन संगीतातल्या अकॉर्डियनच्या शेजारी उभा राहून गायला ना, तिथे मला तो घरी आल्यासारखा वाटतो. २००२चं ग्रॅमी मिळालं त्या अल्बमच्या नावातही बाल्डेमार उएर्ताच आहे, आणि आत जुने बोलेरो, म्हणजे संथ स्पॅनिश प्रेमगीतं. शेवटी स्वतःच्या नावाकडे परतलाच की.

बांधावरचा:
परतला, कबूल. पण सान बेनिटोच्या पाण्याच्या टाकीवर गावाने त्याचं चित्र काढलं होतं. त्यावर नाव कुठलं? फ्रेडी फेंडर.