मदत हवी आहे: ३८ व्या वर्षी आहारशास्त्र शिकायचं आहे, नागपुरात सुरुवात कुठून करू?

मानेवाडा_रोड
बारावी कॉमर्स, मग बी.कॉम. नागपूर विद्यापीठातूनच, २००८ साली. आता आहारशास्त्र रीतसर शिकून दवाखान्यात डायटिशियन म्हणून काम करायचं आहे. पदवी हातात आहे, तर थेट एम.एस्सी. किंवा पीजी डिप्लोमा करता येईल का? घरबसल्या ऑनलाइन कोर्सच्या जाहिराती रोज दिसतात, त्या चालतील का? मार्कशीट माहेरच्या नावाने आहेत आणि केमिस्ट्री दहावीनंतर सुटली आहे. फी भरायच्या आधी काय तपासू?

गृहविज्ञान_शिक्षिका
ताई, पैसे कुठेही भरू नका, आधी हे वाचा. आहारशास्त्राच्या एम.एस्सी.ला पदवीच्या पातळीवर त्याच विषयाचा पाया मागतात. शरीरक्रिया, जीवरसायन, पोषण हे विषय बी.कॉम.मध्ये नसतात, म्हणून पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच सुरू करावं लागेल. वयाची आडकाठी नाही.

ऑनलाइनचं उत्तर स्पष्ट आहे. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून अन्न व पोषणशास्त्र आणि क्लिनिकल न्यूट्रिशन व डायटेटिक्स हे विषय मुक्त, दूरशिक्षण व ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली आहे. कारण २०२१ च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात डायटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट हे व्यवसाय आले आहेत. त्यात आरोग्यसेवा व्यावसायिकाची पदवी किमान ३,६०० तासांची आणि ३ ते ६ वर्षांत विभागलेली हवी, असं म्हटलं आहे. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र स्वतःच्या माहितीसाठी ठीक. दवाखान्यातल्या नोकरीच्या वाटेवर ते कामाचं नाही.

नागपुरात गृहविज्ञानाचं जुनं ठिकाण म्हणजे सेमिनरी हिल्सचं एलएडी महिला कॉलेज. प्रॉस्पेक्टस घेतलं की फोटो आणि इमारती नंतर बघा, आधी पात्रतेचा परिच्छेद काढा. गृहविज्ञानाच्या पदवीला अनेकदा बारावीची कोणतीही शाखा चालते, काही अभ्यासक्रमांना मात्र विज्ञान लागतं. कार्यालयात दोन गोष्टी लेखी विचारा: एकूण तास किती, आणि या पदवीवर पुढे क्लिनिकल न्यूट्रिशनला प्रवेश मिळतो का. तोंडी "होऊन जाते जी" यावर तीन-चार वर्षं लावू नका.

बारावीचं जीवशास्त्र मागितलंच तर एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त शाळेची) पार्ट ॲडमिशन आहे, एक ते चार विषय घेता येतात. पण त्यात फक्त गुणपत्रिका मिळते, बारावीचं वेगळं प्रमाणपत्र नाही. कॉलेजला ती चालते का, हे फॉर्म भरायच्या आधी विचारा.

कागदपत्रं_आधी
प्रवेश अडतो तो बहुतेक कागदांपायी, त्यातही नावापायी. आधार सासरच्या नावाने, मार्कशीट माहेरच्या नावाने, मग अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) जुळत नाही आणि क्रेडिट जमा व्हायचं खातं अडकतं. माझं मत असं की कॉलेजमध्ये मार्कशीटवरचंच नाव चालवा, म्हणजे नवी पदवी जुन्या कागदांशी जुळेल. सोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र ठेवा, राजपत्रात नावबदल केला असेल तर तेही.

बी.कॉम.च्या कॉलेजातून टीसी काढली होती का ते आठवा. अनेकांची तिथेच पडून असते, आणि इतक्या वर्षांनी जुनं रजिस्टर शोधायला वेळ जातो. बारावीची मार्कशीट हरवली असेल तर दुय्यम प्रत बोर्डाच्या नागपूर विभागीय कार्यालयातून मिळते. मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. नमुना कॉलेजकडून घ्या, बाहेरच्या टायपिस्टकडचा तयार मजकूर कित्येकदा परत येतो. हे सगळं निकालांच्या गर्दीआधी, एप्रिल-मेमध्ये उरका.

प्रयोगवही
केमिस्ट्रीची भीती वाटते ती सगळ्या विषयाची, पण लागते तेवढी ठरलेली आहे: मोलॅरिटी, आम्ल-अल्कली, पीएच, टायट्रेशन, आणि कर्बोदकं-प्रथिनं-स्निग्धांची रचना. अकरावी-बारावीच्या पुस्तकातली एवढीच प्रकरणं दोन महिने करा.

उदाहरण म्हणून संत्र्यातल्या क जीवनसत्त्वाचा प्रयोग घ्या. ब्युरेटमध्ये (मापाच्या खुणांच्या काचनळीत) निळा इंडोफिनॉल डाय, म्हणजे रंगद्रव्य, फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये घेतलेला रस. थेंब पडला की रसातल्या क जीवनसत्त्वामुळे त्याचा रंग जातो. फिकट गुलाबी छटा १५ सेकंद टिकली की थांबायचं. चुका तीन ठिकाणी होतात. रस सकाळी काढून तसाच ठेवला तर हवेने जीवनसत्त्व नासतं आणि आकडा कमी येतो, म्हणून रस काढल्याबरोबर ॲसिडमध्ये घ्यायचा. डाय त्याच दिवशी क जीवनसत्त्वाच्या प्रमाणित द्रावणाशी ताडून घेतला नाही तर पुढचं सगळं गणित चुकतं. आणि संत्र्याचा रस मुळातच पिवळा, त्यात गुलाबी ओळखू येत नाही. रस थोडा घ्या, पातळ करा, खाली पांढरा कागद ठेवा.

चुका होण्याची दुसरी जागा म्हणजे आहाराची मोजणी. एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्थेच्या) २०१७ च्या अन्नघटक तक्त्यात डाळी-धान्यांचे आकडे १०० ग्रॅम कच्च्या पदार्थाचे आहेत. तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं. वाटीभर वरणात डाळ जाते ३० ग्रॅम, म्हणजे साडेसहा ग्रॅम प्रथिनं. शिजलेल्या वरणाचं वजन १५० ग्रॅम भरलं म्हणून त्याचे २२ टक्के काढले की ३३ ग्रॅम येतात, पाचपट! रुग्णाचं मूत्रपिंड अधू असेल तर त्याचा दिवसभराचा तक्ता याच एका चुकीने बिघडतो. ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी साधारण २०० कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिनं. पिठाचं वजन थापायच्या आधीच करायचं.

मानेवाडा_रोड
इतकं नेमकं सांगितलंत, मनापासून आभार. दोनच प्रश्न. पदवीनंतर दवाखान्यापर्यंत काय उरतं? आणि प्रवेशाला चार महिने आहेत, तोवर घरी काय करता येईल?

गृहविज्ञान_शिक्षिका
इंडियन डायटेटिक असोसिएशनचं आरडी (रजिस्टर्ड डायटिशियन) हवं असेल तर पुढे पदव्युत्तर शिक्षण, मान्य रुग्णालयात सहा महिने इंटर्नशिप आणि मग परीक्षा. ते सहा महिने पूर्णवेळचे असतात. सकाळच्या नाश्त्याच्या ट्रे लागायच्या आधी स्वयंपाकघरात हजर, नंतर वॉर्डात राउंड. घरच्यांशी या काळाचं बोलणं आजच करून ठेवा. पदवीलाही ७५ टक्के हजेरी लागते आणि बुडालेलं प्रॅक्टिकल घरी भरून निघत नाही.

विदर्भात काम करायचं तर सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) नीट शिका. हिमोग्लोबिन कमी दिसलं की लोहाची गोळी, हा नियम तिथे लागू नाही. लोह कमी असल्याचं तपासणीत दिसल्याशिवाय ते देत नाहीत, कारण वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात लोह आधीच साठलेलं असतं.

प्रयोगवही
चार महिन्यांसाठी: १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि एक वही. घरातली वाटी, पळी, चमचा यात कच्चा तांदूळ, डाळ, पीठ, तेल किती ग्रॅम मावतं ते लिहा. मग एका माणसाचं एका दिवसाचं जेवण कच्च्या वजनात मांडून एनआयएनच्याच २०२० च्या आहार-शिफारशींशी ताडा. बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीला १,६६० कॅलरी, प्रथिनं किलोमागे ०.८३ ग्रॅम, लोह २९ मिलिग्रॅम. लोहाचा आकडा भरताना दमछाक होईल. तेल मात्र बाटलीतून थेट कढईत ओतू नका, आधी काट्यावर वाटीत घ्या.