स्वादुपिंडाचा कॅन्सर: आधी फायब्रोब्लास्टचा बंदोबस्त करावा का?

शेंदरी_बोका: स्वादुपिंडाच्या कॅन्सरची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर खुद्द कॅन्सरपेशी बऱ्याचदा अल्पमतातच. बाकी कोलॅजन या चिवट, तंतुमय प्रथिनाचा राडा आणि तो घालणाऱ्या संयोजी ऊतकातल्या पेशी, फायब्रोब्लास्ट. जखम भरली की या पेशी थांबतात, इथे थांबत नाहीत. रक्तवाहिन्या चेपतात, केमो आत पोचत नाही. २००९ मध्ये उंदरांना जेमसायटाबिन या केमोच्या औषधाबरोबर, या पेशींना चेतवणारा ‘हेजहॉग’ नावाचा संदेश अडवणारं औषध दिलं, तर केमो जास्त आत गेली, उंदीर जास्त जगले. माझं मत: आधी या पेशी हटवा.

खडूसकाका: साफ असहमत. पुढचं का गाळलंत? तेच औषध माणसांना दिलं आणि २०१२ मध्ये चाचणी थांबवावी लागली. ते घेणारे रुग्ण नुसत्या जेमसायटाबिनवाल्यांपेक्षा लवकर दगावत होते. २०१४ मध्ये उंदरांमध्ये या पेशी कमी केल्या, तर गाठी जास्तच आक्रमक झाल्या. कुंपण पाडलंत की गुरं शेतात शिरणारच.

मधली_सुट्टी: दोघंही फायब्रोब्लास्ट ही एकच जात धरून भांडताय. २०१७ मध्ये, २००९ चा प्रयोग करणाऱ्याच प्रयोगशाळेने त्यात दोन तऱ्हा दाखवल्या: कॅन्सरपेशींना खेटून असणाऱ्या आकुंचन पावणाऱ्या पेशी, आणि लांब राहून इंटरल्युकिन-६ हे दाह वाढवणारं प्रथिन सोडणाऱ्या. शिवाय एकीची दुसरी होऊ शकते. सरसकट मारण्यापेक्षा त्यांना शांत करा. उंदरांत ड जीवनसत्त्वासारख्या कॅल्सिपोट्रिऑलने ते साधलंय. (म्हणून उद्यापासून ड च्या गोळ्या खात सुटू नका!)

खडूसकाका: परत उंदीर! गाठीतल्या पेशींमधलं हायल्युरोनन हे बुळबुळीत द्रव्य विरघळवणारं औषधही २०१९ मध्ये माणसांवरच्या चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यात आपटलं. बहुतेक रुग्णांच्या हाती आजही मुख्यतः केमो आणि जमलं तर ऑपरेशनच.

शेंदरी_बोका: सरसकट हटवण्याचा हट्ट सोडतो, पण या पेशींचा नाद सोडणार नाही. त्यांच्यावरचं फॅप प्रथिन हेरणारं पेट स्कॅन आलंय, गाठ कुठवर पसरलीय ते त्यात दिसतं. आणि आपल्याकडची सुपारी विसरू नका. तंबाखू नसली तरी तिच्यातलं अरेकोलिन फायब्रोब्लास्टना कोलॅजन बनवायला लावतं. तोंड उघडेनासं होतं, काहींना पुढे कॅन्सर.

खडूसकाका: सुपारीचं शंभर टक्के मान्य. पण तिथे औषध शोधायची वाट कशाला बघायची? टपरीवरची पुडी बंद करा. स्वादुपिंडाबद्दल मात्र माणसांवरची यशस्वी तिसऱ्या टप्प्याची चाचणी दाखवा, मग बोलू.