एचआयव्ही प्रतिबंधाचं काम डेटिंग ॲपकडे सोपवावं का?

शिशिर (धागाकर्ता)

समलिंगी पुरुषांपर्यंत एचआयव्ही प्रतिबंध पोचवायचा तर वेगळी आरोग्य-ॲप काढत बसू नये. ज्या डेटिंग ॲपवर ते रोज असतात तिथेच तपासणीची आठवण, प्रेपची (लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या गोळ्यांची) माहिती आणि जवळच्या केंद्राचा पत्ता मिळाला पाहिजे, असं मला वाटतं. नावातच 'एचआयव्ही' असलेलं ॲप फोनमध्ये ठेवायची हिंमत किती जण करतील? आणि ठेवलं तरी उघडतील कधी?

सगळ्यात मोठा प्रश्न वेळेचा आहे. पेपची, म्हणजे धोका घडून गेल्यावर लागण रोखण्यासाठी घ्यायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि जितक्या लवकर तितकं बरं. रविवारी रात्री कंडोम फाटला, सोमवार घाबरण्यात गेला, मंगळवारी कुणाला विचारावं ते सुचेना, बुधवारी रात्री मुदत संपली. हे तीनही दिवस त्या माणसाच्या हातात फोन असतो. प्रेपचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये समलिंगी पुरुषांसाठी संबंधापुरती प्रेप घ्यायची पद्धत मान्य केली: संबंधाआधी २ ते २४ तास दोन गोळ्या, त्या दोन गोळ्यांनंतर २४ तासांनी एक, आणखी २४ तासांनी एक. हे वेळापत्रक डोक्यात ठेवण्यापेक्षा फोनने आठवण करून दिलेली बरी.

काजवा

शिशिर, हेतूबद्दल शंका नाही, पण पूर्ण असहमत. ग्राइंडर या समलिंगी पुरुषांच्या डेटिंग ॲपचं प्रकरण विसरलात का? प्रोफाइलमध्ये एचआयव्ही स्थिती आणि शेवटच्या तपासणीची तारीख भरायची सोय होती. लोकांनी ती विश्वासाने भरली. २०१८ मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी दाखवून दिलं की ही माहिती बाहेरच्या दोन कंपन्यांकडे जात होती. ओरड झाल्यावर कंपनीने ते थांबवलं. त्याआधी २०१४ मध्ये इजिप्तमध्ये पोलीस ॲपवर दिसणारं दोन माणसांमधलं अंतर वापरून लोकांना गाठू शकतात अशा बातम्या आल्या, तेव्हा कुठे तिथे अंतर दाखवणं बंद झालं. अनेक देशांत समलिंगी संबंध आजही गुन्हा आहे. तिथल्या माणसाला आपण सांगायचं की ज्या ॲपला तुझा ठावठिकाणा कळतो त्यालाच तुझा तपासणीचा निकालही दे? मला हे भयंकर वाटतं.

शिशिर

काजवा, माहिती फक्त ॲपमधूनच फुटते असं नाही. जानेवारी २०१९ मध्ये सिंगापूरच्या सरकारी एचआयव्ही नोंदणीतली १४,२०० जणांची माहिती बाहेर आली. म्हणून नोंदणी आणि तपासणी बंद करा असं कोणी म्हणणार नाही. माझा आग्रह निकाल भरून घेण्याचा नाहीच. तीन महिन्यांनी 'तपासणी करून घे' अशी आठवण द्यायला ॲपला निकाल कशाला कळायला हवा? ती आठवण फोनमध्येच राहू शकते, कुठल्याही सर्व्हरवर जायची गरज नाही.

सावळा_तारा

मी पॉझिटिव्ह आहे, औषधं नियमित घेतो, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, न सापडण्याइतका कमी आहे. या चर्चेत आमच्याबद्दल अजून कोणी बोललेलं नाही, म्हणून लिहितोय. प्रोफाइलमधला स्थितीचा रकानाच काढून टाकावा, असं माझं म्हणणं आहे. 'निगेटिव्ह' म्हणजे सुरक्षित, अशी खोटी खात्री तो देतो. साधी झटपट चाचणी लागणीनंतर ९० दिवसांपर्यंत चुकीने निगेटिव्ह येऊ शकते, आणि त्याच सुरुवातीच्या काळात विषाणू सर्वाधिक असतो. उलट आमचं पाहा. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या पार्टनर-२ अभ्यासात ७८२ समलिंगी जोडपी होती, एक जोडीदार पॉझिटिव्ह पण औषधांवर, दुसरा निगेटिव्ह. कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले, आणि पॉझिटिव्ह जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. अभ्यासाच्या काळात १५ जणांना एचआयव्ही झाला, तो सगळ्यांना बाहेरच्या संबंधांतून. तरी ॲपवर ब्लॉक आम्हालाच केलं जातं.

मोकळा_श्वास

तारा, तुमचा राग समजतो. पण रकाना काढू नका. निदान झालं तेव्हा माझ्या आयुष्यात दुसरा एकही पॉझिटिव्ह माणूस नव्हता. ॲपवर कुणी उघडपणे 'औषधांवर आहे, लोड सापडत नाही' असं लिहिलेलं पाहिलं आणि वाटलं, आपणही असं जगू शकू. त्या अनोळखी माणसाला मी औषधांबद्दल विचारलं, डॉक्टरांच्या आधी. रकाना ऐच्छिकच हवा आणि त्यावरून लोकांना गाळायची सोय मुळीच नको, एवढं मान्य. तो काढला तर आम्ही पुन्हा एकमेकांना दिसेनासे होऊ.

सावळा_तारा

तुम्हाला जो माणूस भेटला तो मलाही भेटायला हवा होता. तरी मत बदलत नाही. एकाला धीर मिळतो तेव्हा दहा जणांचा अपमान होतो, निदान माझ्या अनुभवात तरी.

समुपदेशक_आहे

मी तपासणी केंद्रात काम करते. ॲपवरून आलेली मुलं आम्हाला दिसतात, आणि ती चांगली गोष्ट आहे. एरवी ती आलीच नसती. माझा आक्षेप वेगळा आहे. जाहिरातीवर किती जणांनी बोट टेकवलं हे यश म्हणून मिरवलं जातं. केंद्राच्या दारात कुणी चारचौघांत 'लग्न झालंय का, मग हे कशाला?' असं विचारलं की तो मुलगा परत येत नाही. त्याची मोजणी कोण करतं? प्रेपही ॲपने हातात ठेवायची गोष्ट नाही. आधी एचआयव्हीची चाचणी लागते, कारण लागण आधीच झालेली असताना प्रेप घेतली तर विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. हिपॅटायटिस बी आणि मूत्रपिंडही तपासावं लागतं. हिपॅटायटिस बी जुनाट असेल तर शिशिर यांनी सांगितलेली संबंधापुरती पद्धत डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. हे तीन ओळींच्या नोटिफिकेशनमध्ये मावत नाही. शिवाय स्वतःला गे म्हणवून न घेणारे, अशा ॲपवर कधीच नसणारे पुरुष आहेतच. त्यांच्यासाठी माणूसच लागतो.

शिशिर

हिपॅटायटिसचा मुद्दा महत्त्वाचा, सांगितलंत ते बरं झालं. मग ॲपच्या आतच प्रशिक्षित समुपदेशकाशी नाव न सांगता बोलायची सोय असावी, रात्रीसुद्धा. पेपची गरज दवाखान्याच्या वेळा पाहून येत नाही.

काजवा

समुपदेशकाशी बोलायची सोय मला पटते. पण ते संभाषण साठवलं जाणार नाही हे तपासणार कोण? कंपनी स्वतः सांगते म्हणून? बाहेरच्या कुणीतरी तपासून जाहीर अहवाल द्यावा, त्यात वापरणाऱ्यांचे प्रतिनिधी असावेत, पॉझिटिव्ह लोकही. तोपर्यंत केंद्राचा पत्ता आणि ७२ तासांची सूचना, एवढंच ॲपवर चालेल. त्यापुढचं काहीही भरू नका, असंच मी मित्रांना सांगेन.